डोस वाढतो, साखर हटत नाही : मधुमेही बोक्याचा प्रश्न

प्रश्न : आमच्या घरी दहा वर्षांचा, नसबंदी केलेला बोका आहे. गेल्या दिवाळीनंतर तो फार पाणी पिऊ लागला आणि तपासणीत त्याला मधुमेह निघाला. ग्लार्जिन इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ १ युनिट असे सुरू झाले. ते वाढत वाढत आज दर वेळी ९ युनिटांवर आले आहे, तरी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर बहुतेकदा ३५० ते ४५० असते. तो वाळण्याऐवजी ५.८ किलोवरून ७.२ किलोवर गेला आहे, तोंड रुंद दिसते आणि झोपेत घोरतो. आमच्या डॉक्टरांनी आयजीएफ-१ ही रक्तचाचणी करवली, ती १००० नॅनोग्रॅमच्या वर आली आणि त्यांनी ॲक्रोमेगाली हा संप्रेरकांचा विकार असल्याचे सांगितले. परवा सकाळी इंजेक्शनच्या वेळी मात्र साखर एकदम ६८ आली. आम्ही घाबरून इन्सुलिन दिलेच नाही, तर संध्याकाळी ती ४३० होती. माझे मेहुणे स्वतः ८ युनिट घेतात. एवढ्याशा जिवाला ९ युनिट म्हणजे विषच, असे ते म्हणतात आणि मधुमेहाची स्वतःची नवी गोळी अर्धी करून द्यायला सुचवतात. डोस कमी करावा का? या आजारावर मुळातून काही उपाय आहे का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मेहुण्यांची काळजी समजण्यासारखी आहे, पण इन्सुलिनचा डोस नुसत्या देहाच्या आकारावर ठरत नाही, शरीर त्या इन्सुलिनला किती दाद देते यावर तो ठरतो. ॲक्रोमेगालीत मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत एक छोटी, बहुतेक वेळा कर्करोगाची नसलेली गाठ होते, तिच्यातून वाढीचे संप्रेरक गरजेपेक्षा पुष्कळ जास्त स्रवू लागते आणि ते इन्सुलिनचे काम पेशींच्या पातळीवर अडवते. तेच संप्रेरक यकृताकडून आयजीएफ-१ हे दुसरे संप्रेरक तयार करवते, आणि त्यामुळे हाडे, मऊ ऊती व आतले अवयव वाढत जातात. रुंद चेहरा, पुढे आलेला खालचा जबडा, दातांमधल्या वाढलेल्या फटी, मोठे पंजे आणि घशातल्या ऊती जाड झाल्याने येणारे घोरणे ही सारी त्याचीच लक्षणे आहेत. साखर आटोक्याबाहेर असलेले मांजर एरवी वाळते. तुमचा बोका भरत गेला, हीच डॉक्टरांना वाट दाखवणारी खूण ठरली असावी. मध्यमवयीन किंवा म्हातारे, नसबंदी केलेले बोके यात अधिक सापडतात. हा विकार पूर्वी फार दुर्मीळ समजला जाई, परंतु ब्रिटनमध्ये बाराशेहून अधिक मधुमेही मांजरांची तपासणी करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मांजरांचे आयजीएफ-१ तुमच्या बोक्यासारखेच १००० च्या वर निघाले होते.

तेव्हा अशा मांजराला ९ युनिट लागणे हे आश्चर्य नाही. काहींना दर वेळी पंधरा-वीस युनिटांपर्यंतही जावे लागते. खरी भीती डोस मोठा असण्याची नसून तो रोजच्या आकड्यामागे धावत बदलण्याची आहे. गाठीतून येणारे संप्रेरक दररोज सारखे येत नाही. आज ९ युनिट जणू पाण्यात गेले असे वाटते आणि चार दिवसांनी तेच ९ युनिट जास्त होतात. घरातला माणूस चारशेचा आकडा पाहून एक युनिट चढवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवतो, आणि नेमका संप्रेरकाचा जोर उतरतो त्या दिवशी साखर धोकादायक पातळीपर्यंत कोसळते. ग्लार्जिनचा डोस एकदा बदलला की त्याचा पूर्ण परिणाम दिसायला पाच ते सात दिवस द्यावेत आणि वाढ अर्ध्या किंवा एका युनिटाचीच असावी. ती वाढही तुमच्या डॉक्टरांनी साखरेचा दिवसभराचा आलेख पाहून ठरवावी.

आता त्या ६८ विषयी. त्या वेळी इन्सुलिन दिले नाही, हे अगदी योग्य केलेत. आधीच्या डोसाचा जोर ओसरलेला असतानाही साखर इतकी खाली असेल, तर त्यावर नवा डोस देणे जिवावर बेतू शकते. एक डोस चुकल्याने मात्र सहसा काही बिघडत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन मात्र करायला हवा होता, आणि अजून केला नसेल तर हा अंक बाजूला ठेवून आधी तो करा, कारण अशा आकड्यानंतर डोस बहुधा थोडा उतरवावा लागतो आणि किती उतरवायचा हे त्यांनीच सांगायला हवे. संध्याकाळचे ४३० पाहून डोस वाढवण्याची चूक करू नका. एक डोस राहिला होता, शिवाय साखर फार खाली गेली की शरीर स्वतःच्या संप्रेरकांनी ती वर ढकलते. त्या आकड्यात ९ युनिट अपुरे असल्याचा पुरावा नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तातली साखर प्रत्यक्षापेक्षा बहुधा थोडी कमी दाखवतात, कारण मांजराच्या रक्तात साखरेची तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव, यांतली विभागणी माणसापेक्षा वेगळी असते. म्हणून एकच यंत्र कायम वापरा आणि आपले आकडे त्याच यंत्राच्या मागच्या आकड्यांशी ताडून पाहा. तरीही ६८ ला कमीच समजा, कारण खरा आकडा त्याहून थोडा वर असेल या भरवशावर इन्सुलिन देण्यात शहाणपण नाही. माणसांसाठी मिळणारा, कातडीला चिकटवून चौदा दिवसांपर्यंत साखर मोजत राहणारा सेन्सर मांजरांवरही वापरला जातो. तुमच्या बोक्यासारख्या चढउतार असलेल्या रुग्णाला तो एकदा तरी लावावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण पहाटे तीन वाजता साखर कुठे असते हे त्याच्याशिवाय कळणार नाही.

साखर खाली गेल्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, माहीत असावीत. मांजर अचानक सुस्त होते, मागचे पाय लटपटतात, चालताना धडपडते, उगाच ओरडते किंवा एकटक बघत राहते, आणि पुढे झटके येतात. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर बोटावर मध किंवा ग्लुकोज पावडरची घट्ट पेस्ट घेऊन हिरड्यांना चोळा. झटका येत असताना तोंडात काहीही ओतू नका आणि बोट दातांमध्ये घालू नका. जरा सावरला तरी दवाखाना गाठायचाच, कारण ग्लार्जिनचा असर अनेक तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

मेहुण्यांची गोळी द्यावी का, याचे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. ती बहुधा लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या औषधांच्या गटातली असावी. या गटातली दोन औषधे, बेक्साग्लिफ्लोझिन २०२२ मध्ये आणि व्हेलाग्लिफ्लोझिन २०२३ मध्ये, अमेरिकेत मांजरांसाठी मान्य झाली हे खरे आहे. परंतु ती मान्यता आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांपुरतीच आहे, आणि रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये) साचून प्राण धोक्यात येण्याचा इशारा तिच्यासोबत दिलेला आहे. माणसांची तशी गोळी अर्धी करून घरच्या घरी देणे म्हणजे तोच धोका कोणतीही देखरेख नसताना ओढवून घेणे. कारल्याच्या रसाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण कोणीतरी सुचवीलच म्हणून सांगतो, तोही नको.

मुळावरचा उपाय म्हणजे त्या गाठीवरचा उपचार. पिट्युटरी ग्रंथी शस्त्रक्रियेने काढणे हा आज सर्वांत परिणामकारक उपचार मानला जातो. लंडनचे रॉयल व्हेटरनरी कॉलेज आणि नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठ ही त्यासाठी ओळखली जाणारी ठिकाणे आहेत. शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर पडलेल्या बहुतांश मांजरांचे इन्सुलिन पुढे बंद होते, मात्र थायरॉइड संप्रेरक आणि कॉर्टिसोन जन्मभर द्यावे लागते. किरणोपचारानेही पुष्कळ मांजरांची इन्सुलिनची गरज कमी होते, पण परिणाम काही महिन्यांनी आणि कधी अचानक दिसतो, तेव्हा साखर कोसळण्याचा धोका वाढतो. पासिरिओटाइड हे महिन्यातून एकदा द्यायचे इंजेक्शन काही मांजरांना उपयोगी पडले आहे. ते फार महाग असून त्याने जुलाब होतात. कॅबरगोलिनच्या गोळ्या तुलनेने सहज मिळतात, परंतु त्यांवरील छोट्या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक मुदतीपुरता प्रयोग करून पाहण्यास माझी हरकत नाही, फक्त साखरेची मोजणी त्या काळात वाढवा. नाशिकच्या बहुतेक कुटुंबांसाठी प्रत्यक्षातला मार्ग इन्सुलिन हाच राहतो, आणि नीट दिले तर त्यावर अशी मांजरे बराच काळ चांगली जगतात, म्हणून परदेशी शस्त्रक्रिया परवडत नाही याची खंत बाळगू नका. हृदयाची सोनोग्राफी मात्र करून घ्या. या विकारात हृदयाचे स्नायू जाड होतात आणि पुढे मूत्रपिंडेही दुबळी होतात. पुष्कळदा मांजर साखरेपेक्षा याच कारणांनी जाते. सोनोग्राफीची किंवा मेंदूच्या स्कॅनची सोय इथे न झाल्यास परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करून मगच कसारा घाट उतरा. बोक्याला उगाच चार तासांचा प्रवास घडवू नका.

साखर शंभरावर आणून ठेवण्याचा हट्ट या बोक्याच्या बाबतीत सोडावा, असे मला वाटते. साधारण २५० ते २९० च्या वर साखर लघवीत उतरू लागते. दिवसाचा बराचसा भाग ती त्याखाली राहिली, पाणी पिणे कमी झाले, तो अंगणात पुन्हा फिरू लागला आणि साखर कधी कोसळली नाही, तर डोस ९ युनिटांचा आहे की १३ चा, याची चिंता करण्याची गरज नाही. भूक मात्र राहीलच, कारण ती या संप्रेरकाचीच आहे. तो ओरडतो म्हणून दूध-पोळी किंवा बिस्किटे देऊ नका. पिष्ट कमी आणि प्रथिने जास्त असलेले ओले खाद्य दिवसातून अनेकदा थोडे थोडे द्या. नुसते उकडलेले चिकन अधूनमधून चालेल, रोजचे पूर्ण अन्न म्हणून नाही. त्यात कॅल्शियमसह बरेच काही कमी पडते.

प्रश्न : आमच्या पाच किलोच्या मांजरीला दर वेळी ४ युनिट इन्सुलिन देऊनही साखर उतरत नाही. शेजारच्या एका बोक्याला ॲक्रोमेगाली निघाली आहे. आम्हीही तीच चाचणी करावी का? दोन महिन्यांपूर्वी तिला खाजेसाठी इंजेक्शन दिले होते.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आधी त्या इंजेक्शनचे नाव शोधा. खाजेची अनेक इंजेक्शने स्टेरॉइडची असतात, त्यांतली काही आठवडेच्या आठवडे शरीरात राहतात, आणि स्टेरॉइड इन्सुलिनला नेमका असाच विरोध करते. माज येऊ नये म्हणून मांजरींना दिली जाणारी संप्रेरकाची औषधेही तेच करतात. दात किडणे, लघवीचा जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज आणि लठ्ठपणा ही कारणे त्यानंतर तपासायची. साधारणपणे किलोमागे दीड युनिटाच्या पुढे गेल्यावर इन्सुलिनला प्रतिरोध असल्याचा संशय घ्यावा, आणि तुम्ही अजून तिथे पोहोचलेला नाहीत. मांजर वाळत असेल आणि कातडी कागदासारखी पातळ होत असेल, तर अधिवृक्क (मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल) ग्रंथीचा दुसरा विकार डोळ्यांसमोर ठेवावा लागेल. आयजीएफ-१ चाचणी करायचीच, तर इन्सुलिन सुरू होऊन सहा ते आठ आठवडे झाल्यावर करा. यकृताला ते संप्रेरक तयार करण्यासाठी इन्सुलिन लागते, म्हणून घाईने केलेली चाचणी फसवे कमी उत्तर देऊ शकते.

या सगळ्याच्या आधी मात्र कुपी आणि सिरिंज पाहा. आपल्याकडे माणसांच्या साध्या इन्सुलिनच्या अनेक कुप्यांत मिलिलीटरला ४० युनिट असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची असते. ग्लार्जिनमध्ये १०० युनिट असतात आणि त्याला केशरी टोपणाची सिरिंज लागते. औषध दुकानदाराने ४० ची कुपी आणि केशरी सिरिंज हातात ठेवली, तर चारच्या खुणेला मांजरीला फक्त १.६ युनिट मिळते. उलट गफलतीत, म्हणजे ग्लार्जिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले, तर चारच्या खुणेला तब्बल १० युनिट जातात. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते, ढगाळ दिसले तर टाकून द्या. कुपी फ्रिजच्या दारात नव्हे, मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुकानातून घरी येताना ती डिकीत ठेवू नका. उन्हाने मेलेले इन्सुलिन दिसायला तसेच स्वच्छ राहते, आणि मग डोस वाढत जातो. घरात दोघे जण इंजेक्शन देत असाल तर दिल्याबरोबर कॅलेंडरवर वेळ लिहा, आणि दिले की नाही अशी शंका आली तर पुन्हा देऊ नका. पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे ते कॅलेंडर, कुपी आणि वापरात असलेली सिरिंज घेऊन जा, आणि त्यांच्यासमोर एकदा स्वतः डोस भरून दाखवा.