मालागातली संग्रहालयं : हाताशी फक्त रविवार आणि सोमवार असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे : शनिवारी रात्री दक्षिण स्पेनमधल्या मालागाला पोचणार, मंगळवारी सकाळी परत. सोबत सत्तरीच्या आसपासचे आई-बाबा, दोघांना चित्रांची आवड आहे पण फार चालवत नाही. पिकासो संग्रहालय रविवारी संध्याकाळी फुकट असतं, म्हणून तेव्हाच जावं का? आणि बाकीच्यांपैकी काय निवडावं?

आधी वारांचं गणित मांडतो, कारण या शहरात बहुतेकांचं बिनसतं ते तिथेच. मुसेओ दे मालागा आणि कार्मेन थिसेन ही दोन संग्रहालयं सोमवारी बंद असतात. बंदरावरचं पाँपिदू केंद्र (पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयाची इथली शाखा) मंगळवारी बंद. पिकासो संग्रहालय मात्र आठवडाभर उघडं असतं. म्हणजे तुमच्या दोन दिवसांत रविवार हा 'सोमवारी बंद' असणाऱ्यांना द्यायला हवा आणि पिकासो सोमवारी ठेवायला हवा. फुकटच्या मोहाने रविवारी पिकासो केलंत, तर सोमवारी दोन चांगल्या जागांची दारं बंद मिळतील.

रविवारी पिकासो संग्रहालयात शेवटचे दोन तास प्रवेश विनामूल्य असतो हे खरं. पण ते ज्या सान आगुस्तीन गल्लीत आहे ती अरुंद आहे, रांग त्याआधीच लागते, आणि आत शिरल्यावर हातात उरलेला वेळ दोन तासांपेक्षा बराच कमी असतो. बंद व्हायच्या काही मिनिटं आधीच दालनं रिकामी करायला सुरुवात होते. एकट्या विद्यार्थ्याला हे चालून जाईल. आई-बाबांना घेऊन तासभर उभं राहायचं आणि मग चित्रांसमोरून घाईने सरकायचं, हे करू नका. सोमवारचं वेळेचं तिकीट आधी काढून ठेवा.

आता क्रम. माझं ठाम मत आहे की मालागात पिकासो शेवटी बघावा. १८८१मध्ये तो इथे जन्मला आणि १८९१मध्ये घरच्यांबरोबर उत्तरेकडच्या ला कोरुन्या शहरात गेला. त्याच्या वाढत्या वयावर मालागाच्या ज्या चित्रकारांची छाया होती, ते सगळे मुसेओ दे मालागात भेटतात. ते आधी पाहिले की हा माणूस कशातून बाहेर पडला हे आई-बाबांना कुणी न सांगता कळेल.

म्हणून रविवारी सकाळी ९ वाजता मुसेओ दे मालागा. इमारत म्हणजे जुनं कस्टम हाउस, पालासिओ दे ला अदुआना, अल्काथाबा या जुन्या मुस्लिम अमदानीतल्या किल्ल्याच्या पायथ्याशी. रविवारी ते दुपारी ३ वाजता बंद होतं, त्यामुळे 'जेवून जाऊ' म्हणालात तर हुकलंच. युरोपीय संघाच्या नागरिकांना प्रवेश मोफत, इतरांना दीड युरो. इथे एक गोंधळ नेहमी होतो : सवलत नागरिकत्वावर आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्ट असेल तर तिकीट काढायचं. रक्कम नगण्य आहे, वाद घालण्यात सकाळ घालवू नका.

पहिल्या मजल्यावर चित्रं, दुसऱ्यावर पुरातत्त्व. लिफ्ट आहे. ताज्या डोळ्यांनी चित्रांपासून सुरुवात करा. एनरिके सिमोनेत याचं १८९०चं 'अनातोमिया देल कोराथोन' शोधा. जवळजवळ तीन मीटर रुंद कॅनव्हास, टेबलावर तरुण मुलीचं कलेवर, आणि तिचं हृदय हातात घेऊन पाहत उभा असलेला म्हातारा डॉक्टर. खिडकीतून येणारा उजेड कुठे पडतो आणि कुठे थांबतो हे पाहायला दहा मिनिटं द्या. समोर बाक मिळाला तर बसूनच पाहा. मग मुन्योथ देग्राइन आणि मोरेनो कार्बोनेरो. हे दोघे पुढे माद्रिदच्या सान फेर्नांदो या कला अकादमीत शिकवत होते, आणि १८९७मध्ये पिकासो त्याच अकादमीत दाखल झाला आणि लवकरच वर्ग टाळू लागला. त्याने कशाकडे पाठ फिरवली ते या भिंतींवर आहे, आणि ते अजिबात टाकाऊ नाही. उत्तम हात असलेली माणसं होती ती.

वरच्या मजल्यावर सगळं पाहायचा प्रयत्न करू नका, दम लागेल. २०१२मध्ये शहरातच सापडलेल्या योद्ध्याच्या थडग्यातलं कोरिंथी पद्धतीचं शिरस्त्राण (ख्रिस्तपूर्व सहावं शतक) आणि कार्तामाहून आलेली व्हीनसच्या जन्माची रोमन मोझेक फरशी, एवढं पुरे. साडेअकरा-बाराला बाहेर.

दुपारी काय? रविवारी दोननंतर अल्काथाबा फुकट असतं, आणि बरेच लोक तेव्हाच चढायला लागतात. आत चढाची, दगडगोट्यांची वाट आहे. गुडघे दुखत असतील तर नगरपालिकेच्या मागे, गियेन सोतेलो रस्त्यावरून लिफ्ट वरपर्यंत नेते, पण आतलं चालणं चुकत नाही. उन्हाळ्यात, विशेषतः तेराल हा आतल्या भूभागावरून येणारा कोरडा गरम वारा सुटला असेल, तर आई-बाबांना तिथे नेऊच नका. पायथ्याचं रोमन थिएटर रस्त्यावरूनही छान दिसतं. त्यापेक्षा जेवून खोलीवर दोन तास पाठ टेका.

संध्याकाळी ५नंतर कार्मेन थिसेन, तेव्हा प्रवेश विनामूल्य. एकोणिसाव्या शतकातला आंदालुसिया, म्हणजे मालागा ज्यात येतं तो स्पेनचा दक्षिण प्रांत, इथे आहे : अंगणं, जत्रा, बैलझुंजी, बाजार. याला नुसती पर्यटकी चित्रं म्हणून मोडीत काढणारे आहेत, पण सकाळी मुसेओ दे मालागा पाहून आलेल्या डोळ्याला इथे तोच काळ घराबाहेर, रस्त्यावर दिसतो. सुरबारान या चित्रकाराची 'सांता मारिना' ही संत स्त्री मात्र वेगळ्या काळातली, सतराव्या शतकातली आहे. काळी पार्श्वभूमी, शेतकरी बाईची टोपी, खांद्यावर पिशवी. तिच्यासाठी तरी जा. इथे गर्दी पिकासोच्या तुलनेत बरीच विरळ असते. थकवा असेल तर हे संग्रहालय सोडा, पण सकाळचं सोडू नका. दिवसाला दोन, याहून जास्त नको.

सोमवारी साडेनऊला प्लाथा दे ला मेर्थेद या चौकातलं पिकासोचं जन्मघर. छोटं आहे, पाऊण तास पुष्कळ. पिकासोचे वडील होसे रुइथ ब्लास्को चित्रकलेचे शिक्षक, आणि त्यांचा खास विषय कबुतरं. हे लक्षात ठेवलं की मुलाने १९४९मध्ये शांतता परिषदेसाठी दिलेलं कबूतर आणि मुलीचं ठेवलेलं 'पालोमा' हे नाव (अर्थ कबूतरच) यांचा धागा इथपर्यंत येतो.

मधल्या वेळात बंदरावर जा. रंगीत काचांचा घन दिसेल, ते पाँपिदू. काचांवरचे रंग दानिएल ब्यूरेन या फ्रेंच कलाकाराचे, दालनं जमिनीखाली. पॅरिसचं मूळ केंद्र २०२५पासून नूतनीकरणासाठी बंद आहे, त्यामुळे काहीजण मुद्दाम इथे येतात. पण मांडणी दर काही वर्षांनी बदलते. एखादं ठरावीक चित्र मनात धरून जाऊ नका. आई-बाबांची आवड जुन्या धाटणीची असेल तर बाहेरून पाहिलं तरी चालेल.

पिकासोचं तिकीट दुपारी अडीचचं काढा. क्रूझचे गट सकाळी येतात, आणि दोन ते चार स्पॅनिश लोक जेवायला बसलेले असतात, तेव्हा दालनं मोकळी होतात. तुम्ही एक वाजताच जेवून घ्या. शाकाहारी असाल तर 'बेरेन्खेनास कोन मिएल दे कान्या' मागा : तळलेली वांगी, वरून उसाचा पाक. नावात मध असला तरी ती चक्क काकवी आहे, आई-बाबा चवीने ओळखतील. सॅक लॉकरमध्ये ठेवावी लागते, म्हणून औषधं आणि चष्मा छोट्या पर्समध्ये घ्या. पासपोर्टही जवळ असू द्या. वयाची सवलत मागितली की पुरावा लागतो.

आणि त्यांना आधीच सांगून ठेवा : 'गेर्निका' हे पिकासोचं प्रसिद्ध युद्धविरोधी चित्र इथे नाही, ते माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात आहे. तरुणपणीची बरीच चित्रं आणि वेलाथकेथच्या 'लास मेनिनास' चित्रावरून केलेली मालिका बार्सिलोनात. मालागाचा संग्रह मुख्यतः सून क्रिस्तीन आणि नातू बेर्नार यांनी दिलेला, म्हणजे घरात राहिलेली चित्रं. त्यामुळे इथे बायको ओल्गा आणि मुलगा पावलो भेटतात, आणि कुठल्याही टप्प्याचा 'सर्वोत्तम नमुना' शोधायला गेलेला माणूस नाराज होतो. १९१७चं, मांतिया (डोक्यावरून घ्यायची स्पॅनिश ओढणी) ओढलेल्या ओल्गाचं चित्र मांडलेलं असेल तर तिथे थांबा. आदल्या दिवशी पाहिलेल्या मास्तरांना आवडलं असतं इतकं ते सरळ आहे.

बाहेर पडण्याआधी तळघर विसरू नका, त्याच तिकिटात आहे. संग्रहालय सोळाव्या शतकातल्या वाड्यात आहे, आणि त्याखाली फिनिशियन (प्राचीन भूमध्यसागरी व्यापारी लोक) तटबंदीचे आणि रोमन काळातल्या मासे खारवण्याच्या हौदांचे अवशेष आहेत. बहुतेक लोक वरूनच परत जातात, त्यामुळे खाली शांत असतं.

मंगळवारी विमानतळासाठी सेंत्रो-आलामेदा स्थानकावरून सी-१ लोकल घ्या. दर वीस मिनिटांनी गाडी, प्रवास पंधरा मिनिटांच्या आत. इस्टरचा आठवडा किंवा ऑगस्टच्या मध्यावरची जत्रा तुमच्या तारखांत येत असेल तर वर दिलेल्या वेळा संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पुन्हा तपासा, तेव्हा त्या बदलतात.