वडिलांना सीएमएल (सावकाश वाढणारा रक्ताचा कॅन्सर) आहे, त्यांना आठवडाभर समुद्राकाठी राहायचंय. न्यावं का?

तुम्ही लिहिलंय की खानापूरला राहता, वडिलांना पाच वर्षांपासून सीएमएल आहे, त्यावरची रोजची गोळी इमॅटिनिब ४०० चालू आहे, रिपोर्ट आटोक्यात आहे, पण त्यांची झोप उडालीय. त्यांना समुद्राकाठी बसायचंय आणि घरचे नको म्हणतात. माझं मत, न्या. समुद्राची हवा रक्ताला काही करत नाही, कुणी तसं सांगितलं तर ऐकून सोडून द्या. पण दर तीन महिन्यांनी, रक्तात आजार किती उरलाय ते सांगणारा बीसीआर-एबीएलचा आकडा येईपर्यंत जीव टांगणीला लागतो, त्यातून काही दिवस बाहेर पडणं हेच या माणसांना हवं असतं.

म्हणून दिवस निवडताना आधी रिपोर्ट बघा, मग सुट्टी. या तपासणीला, म्हणजे पीसीआरला, रक्त दिल्यावर जाऊ नका, सगळा आठवडा फोनकडे बघण्यात जाईल. रिपोर्ट हातात आल्यावरचा पंधरवडा चांगला. निघण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,००० च्या खाली किंवा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ५०,००० च्या खाली असतील तर डॉक्टर बहुधा गोळीच काही दिवस थांबवतात. त्या काळात प्रवास नकोच. हिमोग्लोबिन कमी असेल तर वरच्या मजल्यावरची खोली घेऊ नका.

आता खरी जोखीम. ती लाटांत नाही, चुकलेल्या गोळीत आहे. बाहेरगावी जेवणाच्या वेळा ढळतात आणि गोळी राहून जाते. २०१० साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नव्वद टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आजार नीट खाली आला नाही असं दिसलं. नव्वद टक्के म्हणजे महिन्याला फक्त तीन गोळ्या चुकल्या. इमॅटिनिब भरपेट जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्यायची, नाहीतर पोटात मळमळतं. तिकडे दुपारचं माशाचं जेवण हेच दिवसातलं मोठं जेवण असतं, गोळी तेव्हाच ठेवा, पण घरची वेळ रात्रीची असेल तर बदल डॉक्टरांना विचारून करा. गिळायला त्रास होत असेल तर ४०० ची गोळी २०० मिली पाण्यात विरघळवून लगेच पिता येते. उलटीत पडली तर पुन्हा घ्यायची नाही, पुढची वेळेवर. विसरली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन तर कधीच नाही. मोजक्यापेक्षा पाच गोळ्या जास्त न्या, दोन वेगळ्या पिशव्यांत. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत औषध खराब होतं.

हे सगळं इमॅटिनिबचं. सीएमएलवरचीच दुसरी गोळी, निलोटिनिब, असती तर उलट नियम, आधी दोन तास आणि नंतर एक तास पोट रिकामं. डासाटिनिब या तिसऱ्या गोळीवर दम लागू लागला तर समुद्रावरच्या दमट हवेला दोष देत बसू नका, फुप्फुसाभोवती पाणी साचलेलं असू शकतं.

जायचं कुठे? नाताळ ते नववर्ष या दिवसांत उत्तर गोवा सोडून द्या, तिथे शांतता विकतही मिळत नाही. वेंगुर्ले-शिरोडा छान आहे, रस्ता शिनोळीवरून आंबोली घाटाने. पण पेशंट नवीन असेल किंवा रक्ताचे आकडे डळमळीत असतील तर मी कारवार सुचवेन. किनारा गावातच आहे आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही गावातच. खानापूरहून रामनगर, जोयडा, अणशी घाट असा वळणांचा रस्ता आहे. मळमळणाऱ्या माणसाला तो सोसत नसेल तर लोंढ्याहून दूधसागर मार्गे मडगावपर्यंत आणि तिथून पुढे कारवारला रेल्वे बरी, डब्यात संडास असतो. या गोळीने जुलाब होतात, ही सोय लहान नाही. घाटात चहाला थांबाल तिथे झाडीत, पाचोळ्यात बसू नका. डिसेंबर ते मे या काळात सत्तरी, दोडामार्ग, उत्तर कन्नड या पट्ट्यात गोचिडांतून माकडताप पसरतो.

किनाऱ्यावर सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. इमॅटिनिबने कातडीचा रंग उतरतो आणि ऊन लवकर भाजतं, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि पोटऱ्यांत गोळे येतात, जे या औषधाने तसेही येतातच. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर चालवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, अष्टमीला सहा. हे गणित मुंबईकडचं, गोवा-कारवारला भरती थोडी आधी येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी ओहोटी असते आणि वाळू लांबवर उघडी पडते. वडिलांसाठी तेच दिवस धरा. चालणं वीस मिनिटं पुरे, बाकी वेळ पाठ टेकायची खुर्ची. आणि दर दहा मिनिटांनी ‘बरं वाटतंय ना?’ विचारू नका. शांततेसाठी आणलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास घरच्यांचाच होतो.

पाण्यात गुडघ्यापर्यंत, तेही पायाला चीर, फोड काही नसेल तर. कोमट खाऱ्या पाण्यातले काही जंतू जखमेतून शिरतात आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला तासांत गंभीर करतात. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी, तिकडे चप्पल घालूनही नको. तिसऱ्या (शिंपल्या), कालवं अर्धकच्ची नकोत. शिंपले उघडल्यावर आणखी चार-पाच मिनिटं शिजवायची. उघडा बर्फ, उसाचा रस, खोबऱ्याची शिळी चटणी टाळा. ताजा मासा बिनधास्त द्या. सुकट, खारवलेला बांगडा आणि लोणचं मात्र जेमतेम, कारण इमॅटिनिबने अंगात पाणी धरतं. सकाळी डोळ्यांखाली थोडी सूज नेहमीची असते, पण चार-पाच दिवसांत दोन किलो वजन वाढलं किंवा दम लागला तर डॉक्टरांना फोन करा.

तिथले कुणी पाहुणे गुळवेलीचा काढा देतील. नको म्हणा. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि इमॅटिनिबही यकृतावर ताण देते. पपनसही टाळा.

कुणाच्या घरी सीएमएल नसून सीएलएल (रक्ताचाच दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर) असेल आणि ते हे वाचत असतील तर दोन गोष्टी वेगळ्या. त्यात औषध चालू नसतानाही संसर्ग लवकर होतो, आणि डास चावला की मोठाले फोड उठू शकतात. मच्छरदाणी घरून न्या, खोलीवाल्याच्या भरवशावर राहू नका. त्यावरची इब्रुटिनिब ही गोळी चालू असेल तर साध्या खरचटण्यातूनही रक्त लवकर थांबत नाही.

ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, आधी रुग्णालय. थर्मामीटर, शेवटचा सीबीसी, पीसीआर रिपोर्ट आणि औषधाची चिठ्ठी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ‘ब्लड कॅन्सर’ एवढंच सांगितलं तर रात्रपाळीचा डॉक्टर गोंधळतो. ‘सीएमएल, क्रॉनिक फेज (म्हणजे आजाराचा संथ टप्पा), इमॅटिनिब ४००’ असं सांगायचं, आणि हे वाक्य वडिलांनाही पाठ असू दे.