आजीच्या वहीतले मापटे, चिपटे आणि छटाक यांचे ग्रॅम कसे काढावेत?

आजींच्या वहीत थालीपिठाच्या भाजणीसाठी ‘मापटेभर तांदूळ, चिपटेभर हरभऱ्याची डाळ, कोळवेभर उडीद, छटाकभर धने’ असे लिहिले आहे आणि त्याचे ग्रॅम किती, असे आपण विचारले आहे. या एका ओळीत दोन निराळ्या रीती आहेत. पहिले तीन जिन्नस मापाने घेतलेले आहेत आणि धने वजनाने, म्हणून सर्वांना एकच कोष्टक लावू नये.

दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, असा मापांचा हिशेब आहे. त्यामुळे तांदूळ, डाळ आणि उडीद यांचे प्रमाण ४:२:१ ठरते आणि ते कोणत्याही वाटीने साधते. अडते ते धन्यांपाशी, कारण त्यांचा मेळ बसवायला मापट्याचा खरा आकार कळावा लागतो. मापी शेर ठिकठिकाणी वेगळा असे. म्हणून ‘एक मापटे म्हणजे अमुक ग्रॅम’ असे सरसकट सांगणारे तक्ते मला भरवशाचे वाटत नाहीत. घरात जुने मापटे असेल, तर ते काठोकाठ पाण्याने भरून त्या पाण्याचे वजन करावे. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. अर्धा लिटर पाणी मावणाऱ्या मापात तांदूळ साधारण ४०० ग्रॅम बसतात, पीठ मात्र ३०० ग्रॅमही भरत नाही. आजी माप सपाट भरत की शीग लावून, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना अवश्य विचारावे, कारण तोंड रुंद असलेल्या मापात शिगेचे धान्य बरेच असते.

वजनाचे गणित त्यामानाने सोपे आहे. ब्रिटिश अमदानीतला ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणून पावशेर २३३, नवटाक ११७ आणि छटाक ५८ ग्रॅम. (मुंबईचा त्याहून जुना शेर अवघा ३१८ ग्रॅमच्या आसपास होता, पण आजींच्या वहीत छटाक आहे, तेव्हा ८० तोळ्यांचाच शेर धरावा.) १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने येऊ लागली आणि पुढे २५० ग्रॅमलाच लोक पावशेर म्हणू लागले. वहीत कुठे भाव आणे-पैत लिहिलेले असतील, तर २३३ धरणे योग्य. भाजणीत एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. लोणच्याचे मीठ मात्र नेमक्या हिशेबानेच घ्यावे.