गर्भपाताचा वाद नेमका कुणाचा: डॉक्टरांचा, धर्माचा की राजकारण्यांचा?

तिघांचाही, पण निस्तरायला लागतं डॉक्टरला आणि बाईला.

धर्मांचंही आपसांत एकमत नाहीच. कॅथलिक चर्च गर्भधारणेच्या क्षणापासून जीव मानतं, बरेच इस्लामी धर्मपंडित १२० दिवसांनी गर्भात आत्मा येतो म्हणतात, तर ज्यू धर्मशास्त्रात प्रसूती होईपर्यंत आईचा जीव आधी. यातलं एकच मत कायद्यात घातलं की काय होतं, ते आयर्लंडमध्ये दिसलं. तिथे १९८३ मध्ये राज्यघटनेनेच आई आणि गर्भाला जगण्याचा समान हक्क दिला. कागदावर छानच वाटतं! २०१२ मध्ये सविता हलप्पनवार १७ आठवड्यांच्या गरोदर असताना गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाल्या. गर्भ वाचणार नव्हता, पण ठोके चालू होते, म्हणून गर्भपात नाकारला. वाट बघता बघता संसर्ग रक्तात पसरला आणि त्या गेल्या. २०१८ च्या सार्वमतात सुमारे ६६ टक्के लोकांनी ते कलम काढून टाकलं.

अमेरिकेत गाडी उलटी फिरली: देशभर गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल सर्वोच्च न्यायालयानेच २०२२ मध्ये मोडीत काढला. आता तिथे राज्य बदललं की नियम बदलतो.