झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी कापून आखूड का करतात? साध्या लेथवर ते जमेल का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या व्हिडिओंत लोक रिकामी पुंगळी हातयंत्रात फिरवून तिचं तोंड छाटतात ते कशासाठी, आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तुमच्या लेथवर तेच होईल का.

लेथवर होईल, पण रिकाम्या पुंगळीत पुन्हा काडतूस भरण्यासाठी करायला जाऊ नका. आपल्याकडे काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं, आणि त्याला शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे वेगळा परवाना लागतो. सोलापूर शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी देतात तो बंदूक बाळगायचा परवाना इथे कामाचा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान 7 वर्षं. तेव्हा पुढचं सगळं टर्नरचं, म्हणजे लेथ चालवणाऱ्याचं, कुतूहल म्हणून वाचा.

पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. बार उडाला की ती फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला चिकटते. पुन्हा वापरायची तर डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, दाबून मूळ मापावर आणावी लागते. दाबलेलं पितळ जाणार कुठे? पुढे, तोंडाजवळच्या अरुंद मानेकडे. म्हणून पुंगळी लांबते. .308 विंचेस्टर या रायफलच्या पुंगळीची कमाल लांबी 51.18 मिमी, छाटून ठेवतात 50.93 वर. .223 रेमिंग्टनची 44.70, छाटून 44.45. फरक फक्त पाव मिलिमीटरचा, पण कमाल मापाच्या पुढे गेली की तोंड चेंबरच्या पुढच्या कडेला अडतं आणि गोळीवर आवळलं जातं. गोळीला सुटायला वाव राहत नाही, दाब भलताच चढतो. 9 मिमीसारख्या पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्या मात्र लांबत नाहीत, उलट किंचित आखूडच होतात. त्या चेंबरमध्ये तोंडावरच टेकतात, म्हणून त्यांना उगाच छाटू नये.

सगळ्यात जास्त चूक होते ती मोजायच्या वेळेची. डायच्या आधी मोजून, छाटून घेतलं की डायमध्ये पुंगळी पुन्हा लांबते आणि मेहनत वाया. डायमधून काढायची, वंगण पुसायचं, मग व्हर्निअर लावायचा. माप आत असेल तर छाटायचीच नाही.

ते हातयंत्र म्हणजे चिमुकला लेथच. बूड कॉलेटमध्ये (चहूबाजूंनी सारखं आवळणाऱ्या पकडीत), तोंडात मापाची पायलट दांडी, आणि दांडीभोवती कटर. बुडाची कडा वाकडी असेल किंवा कॉलेटमध्ये एखादा कीस अडकला असेल तर पुंगळी तिरकी बसते, तोंड काटकोनात येत नाही आणि नगागणिक लांबी बदलते. तुमच्या थ्री-जॉ चकात धरली तर अंग चेपेल, तिथेही कॉलेटच हवा. आणि लोखंडासाठी धार लावलेलं टूल तसंच लावलं तर पितळ ते आत ओढून घेतं, हे तुम्हाला सांगायला नको. मानेची भिंत जेमतेम 0.38 मिमी असते, एका झटक्यात फाटते. टूलचा रेक, म्हणजे धारेच्या माथ्याचा कल, शून्य लागतो, आणि कट अगदी हलका.

छाटल्यावर आतबाहेर बर, म्हणजे खरखरीत कड, राहते. आतली बर गोळीच्या तांब्याच्या कवचाला ओरखडते, बाहेरची चेंबरमध्ये अडते. ती काढायला कडा मारायच्या चॅम्फर टूलचे दोन-तीन हलके वेढे पुरतात. चाकूसारखी धार आणायची नसते, तोंड पातळ होऊन लवकर चिरतं. शेवटी पुंगळी उलटी करून ठोकायची, म्हणजे आतला कीस पडतो.

व्हिडिओवाले सहसा सांगत नाहीत ती गोष्ट अशी, की तोंडाकडून छाटलेलं पितळ खालून, बुडाकडून वाहत आलेलं असतं. त्यामुळे चार-पाच वेळा छाटलेल्या पुंगळीची भिंत बुडाच्या जरा वर आतून झिजत जाते. बाहेरून तिथे एक चकाकणारं वर्तुळ दिसतं. खात्री करायला कागदाच्या क्लिपची तार सरळ करून तिचं टोक काटकोनात वाकवतात, ते तोंडातून पार बुडापर्यंत घालून भिंतीला टेकवत वर ओढतात. टोक एखाद्या खाचेत अडखळलं की ती पुंगळी छाटायची नाही, पक्कडीने चेपून भंगारात टाकायची. पुढच्या बाराला ती नेमकी तिथेच तुटते, आणि गरम वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो.