पाटल्या गहाण ठेवून किलीमांजारो?

चोपडा तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचं पत्र आलंय. वय ४४, तीन एकर मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी), आवर्त ठेवीत १ लाख १० हजार. फेब्रुवारीत टांझानियात जाऊन किलीमांजारो चढायचाय. कमी पडणाऱ्या पैशासाठी बायकोच्या पाटल्यांवर अडीच लाखांचं सोनेतारण, १० टक्क्यांनी. जून-जुलैत माल कापला की पाटल्या सोडवायच्या. बायको म्हणते, "डोंगर काय पळी चालना का?"

भाऊ, व्याजाची मला भीती नाही. नोव्हेंबरात उचललेत आणि जुलैत फेडलेत तर सोळा-सतरा हजार. भीती आहे ती मे-जूनच्या वादळाची. घड धरलेली बाग एका रात्रीत आडवी झालेली तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिली असेल. तसं झालं तर पाटल्या अडकतात, वर पीक कर्ज थकतं, आणि वेळेत फेडल्यावर ३ लाखांपर्यंत जे बिनव्याजी पडतं ते व्याजासकट अंगावर येतं. पीक विम्याचे पैसे येतीलही, पण कधी, ते कोणी सांगत नाही.

किलीमांजारोला कोरडे हंगाम दोन: जानेवारी ते मार्चची सुरुवात, आणि जूनअखेर ते ऑक्टोबर. तुमच्या बागेला कापणी एकच. मग तारीख बागेची धरा. विकलेल्या मालाची पट्टी हातात पडू द्या आणि सप्टेंबरात जा. आवर्त ठेव तोवर चालू ठेवा.

टूरवाल्याचा २ लाख ४० हजारांचा कागद मी दोनदा वाचला. त्यात विमान नाही, व्हिसा नाही, टिप नाही. तिथे गाईड सक्तीचा आहे, सोबत हमाल आणि आचारी. उतरल्यावर सगळ्यांना टिप द्यायचा रिवाज आहे, तेव्हा ती खुशी न समजता खर्चातच धरा. बूट, शिखराच्या रात्रीचे उबदार कपडे, विमा धरून बेरीज पावणेचार लाखांच्या खाली बसत नाही. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आगाऊ घ्यायचा आयकरही कापतील. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आधी खिशातून जातो.

त्याच कागदावर बारीक अक्षरात 'माचामे, ५ रात्री' असं आहे. माचामे ही शिखराकडे जाणारी एक वाट. उद्यानाचं शुल्क डॉलरमध्ये आणि दिवसागणिक लागतं, म्हणून स्वस्तातला टूरवाला पहिल्यांदा दिवसच कापतो. शिखर ५,८९५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. विरळ हवेची सवय व्हायला दिवसच लागतात. दोन दिवसांचे पैसे वाचवून शिखराअलीकडून माघारी आलात तर सगळेच गेले. एरवी मी वाचकांना काटकसर सांगतो, इथे मात्र महागातलं घ्या: लेमोशोची वाट, आठ दिवस. विम्याच्या कागदात किती उंचीपर्यंतचा ट्रेक चालतो तेही बघा. बऱ्याच पॉलिसी खालीच थांबतात.

सातपुड्यातल्या अस्तंभ्याची यात्रा दोनदा पायी केलीत म्हणता. म्हणजे पायांचा प्रश्न नाही, उंचीवर डोकं आणि पोट कसं वागतं ते अजून कळलेलं नाही. फेब्रुवारी मोकळा ठेवलाच आहे तर उत्तराखंडात केदारकंठा करून या. ३,८०० मीटरच्या आसपास, बर्फातला ट्रेक. रेल्वेने गेलात तर वीस-पंचवीस हजारांत होईल. तिथेच त्रास झाला तर पुढचे पावणेचार लाख वाचले.

एव्हरेस्ट बेस कॅम्पचंही विचारलंय. ५,३६४ मीटर, नेपाळसाठी आपल्याला व्हिसा नको, खर्च निम्म्याच्या आसपास. फक्त ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाचं विमान हवामानाच्या मर्जीवर उडतं, तेव्हा दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाचे पैसे जास्तीचे ठेवावे लागतात.

पट्टी आली की आकडा कळवा. त्यातून आधी पीक कर्ज, मग पुढच्या लागवडीची रोपं आणि खत, मग घरातले सहा महिने. त्यानंतर ठेवीसकट चार लाख उरले तर सप्टेंबरात किलीमांजारो, दोन उरले तर ऑक्टोबरात बेस कॅम्प. पाटल्या कपाटातच राहू द्या.