हातकामाची पत्रपेटी : सीडी कापावी कशी, आणि कोणती कापू नये

गेल्या अंकात मी जुन्या सीडींच्या तोरणाबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या, तर या महिन्यात पत्रांचा गठ्ठाच आला. कपाटांच्या वरच्या कप्प्यात अजून किती चळती पडून आहेत, ते त्यावरून कळलं. तीस वर्षं शाळेत कार्यानुभव शिकवला, त्यामुळे मुलांच्या हातून काय काय फुटतं ते मला पाठ आहे. तेच अनुभव इथे उपयोगी पडतायत.

*सीडी कात्रीने कापली की काठ तडकतो आणि चंदेरी थर पापुद्र्यासारखा निघून येतो. माझं काय चुकतंय? – एक वाचक, इचलकरंजी*

तुमचं फारसं काही चुकत नाही, सीडीची घडणच तशी आहे. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. हेल्मेटची पुढची काच याच प्लास्टिकची असते, म्हणजे माल चिवट आहे. नाजूक असतो तो ॲल्युमिनियमचा थर. तो चकतीच्या मधोमध असेल असं आपल्याला वाटतं, पण तो असतो छापील बाजूला, शाई आणि लॅकरच्या जेमतेम खाली. म्हणून चकाकत्या बाजूवर ओरखडे पडले तर ती नुसती मळकी दिसते, छापील बाजूवर नख लागलं तर मात्र चांदीच जाते.

मी काय करते सांगते. छापील बाजूवर आधी पॅकिंगची रुंद चिकटपट्टी लावून घ्यायची, एकही बुडबुडा न ठेवता. मग गॅसवरून उतरवलेल्या कडकडीत पाण्यात सीडी तीन-चार मिनिटं ठेवायची, चिमट्याने काढायची, फडक्याने टिपायची आणि गरम आहे तोवर कापायची. एवढ्या पाण्याने पॉलिकार्बोनेट मऊ पडत नाही, त्याला १४० अंशांच्या वरची उष्णता लागते. तरी माझ्या हाताखाली गरम सीडी कमी तडकते. थेट गॅसवर मात्र चुकूनही धरू नका, धूर वाईट असतो.

खरी गोम कात्री मिटण्यात आहे. पाती टोकापर्यंत मिटली की शेवटच्या ‘कट्’ला हमखास तडा जातो. पाती पाऊण मिटली की थांबायचं, सीडी पुढे सरकवायची, पुन्हा कापायचं. कात्री स्वयंपाकघरातली घ्या, शिवणाची घेतलीत तर तिची धार गेलीच म्हणून समजा. आणि चष्मा हवाच. तुकडा उडतो तो नेमका तोंडाकडे, आणि शाळेत चाळीस मुलं समोर असताना मी हा धडा एकदाच घेतला.

डीव्हीडीचं गणित वेगळं. कडेने निरखून पाहा, मधोमध केसासारखी रेघ दिसेल. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि चांदी त्यांच्या मध्ये. त्यामुळे ती सोलून निघत नाही, पण कापताना चकत्याच एकमेकींपासून सुटतात. तसं असेल तर मुद्दामच सोडवा. कडेच्या रेघेत पातळ पातं सरकवून हळूहळू फिरवलंत की दोन भाग होतात. घरी रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीचा एक भाग बहुतेक वेळा जांभळट पारदर्शक निघतो. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांना त्याच्यासारखं काही नाही.

*संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून सीडीच्या पंचवीस बशा (कपाखाली ठेवायच्या) करायच्या आहेत. फेविकॉलने कापड चिकटवलं, ते दुसऱ्या दिवशी अख्खं सुटून आलं. – एक वाचक, डोंबिवली*

पांढरा फेविकॉल लाकूड-कागदाचा. त्याला पाणी शोषून घेणारं काहीतरी लागतं, आणि सीडी थेंबभरही पीत नाही. फेविबॉन्डसारखा दोन्हीकडे लावून, दहा मिनिटं सुकवून दाबायचा गोंद घ्या. फेविक्विक टाळा, चकाकत्या भागावर त्याची पांढरी धुरकट छटा उमटते. ग्लू गनने चटकन काम होतं, पण गरम चहाच्या कपाखाली तो गोंद पुन्हा नरम पडतो आणि बशी कपालाच चिकटून वर येते. मधलं भोक १५ मिलिमीटरचं. कापड लावण्याआधी त्यावर जाड पुठ्ठ्याची रुपयाच्या नाण्याएवढी टिकली लावा, नाहीतर कापड तिथे खळगा धरतं.

रंगवायच्या असतील तर छापील बाजू पॉलिश पेपरने हलकी घासून मगच ॲक्रिलिक लावा. मात्र दुसऱ्या बाजूची चकाकी ठेवायची असेल तर घासू नका. कारण वर सांगितलंच. आणि डाग पडला म्हणून नेलपॉलिश काढायचं पाणी लावू नका. मी लावलं होतं. चार मिनिटांत सीडी ताकासारखी पांढरी झाली, वर बारीक भेगांची जाळी.

*आमच्या माटोळीला (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट) यंदा सीडींची फुलं बांधायचं मुलांच्या मनात आहे. सासूबाईंना पसंत नाही. तुमचं मत काय? – एक वाचक, फोंडा*

मी सासूबाईंच्या बाजूने. आमच्याकडे रत्नागिरीत तिला मंडपी म्हणतात. तेरडा, हरणं, कवंडळं, सुपारीचा घड, आंब्याचे टाळे, नारळ हे सगळं श्रावण-भाद्रपदात रानात आणि परसात पिकतं, म्हणून तिथे असतं. त्यात सीडी म्हणजे पंगतीत बूट घालून बसल्यासारखं.

मुलांना मात्र नाराज करू नका. थर्माकोलची मखरं गेल्यापासून गणपतीमागच्या भिंतीचा प्रश्न घरोघरी आहेच, ती भिंत मुलांना द्या. सीडीवर एका मिलिमीटरमध्ये सहाशेहून अधिक रेघा असतात आणि त्यांच्यामुळेच उजेडाचे रंग वेगळे होतात. पण उजेड कसला आहे यावर सगळं अवलंबून. ट्यूबलाइटखाली सीडी भांड्याच्या झाकणासारखी दिसते. लांबून पडणारा एकच छोटा दिवा असेल तर त्यातून रंगांचा पट्टा निघतो. चकत्या भिंतीला सपाट न लावता थोड्या तिरक्या लावा, म्हणजे प्रत्येकीचा रंग वेगळा दिसेल. मूर्तीच्या नेमक्या मागे लावू नका. आरतीला उभं राहिलं की मूर्ती दिसायच्या ऐवजी आपलाच चेहरा दिसतो.

*गॅलरीत कबुतरं येऊ नयेत म्हणून सीडी टांगल्या तर उपयोग होतो का? – एक वाचक, ठाणे*

आठवडाभर. नंतर कबुतरं त्यात बघून भांग पाडतात. दर तीन-चार दिवसांनी जागा बदलत राहिलात तर थोडे दिवस जास्त. जाळी लावा.

*लग्नाच्या व्हिडिओच्या सीडी आहेत, घरात आता प्लेअर नाही. कापायला मन होत नाही आणि ठेवून उपयोग नाही. – एक वाचक, सातारा*

कापू नका अजून. बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह कुणाकडे ना कुणाकडे असतोच, तो मागून आणा आणि सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. उतरवलेलं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा, नुसती फाइल आली म्हणून समाधान मानू नका. आमच्यासारख्या समुद्राकाठच्या दमट हवेत चांदीला कडेने टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. उजेडासमोर धरलंत की दिसतात. ती दिसली तर आजच बसा.

हे मी इतक्या ठासून सांगते, त्याला कारण आहे. एका मे महिन्यात नातवंडांसाठी झुंबर करायला घेतलं आणि ‘विविध’ असं लिहिलेल्या सहा सीडी कापल्या. आमच्या ह्यांनी जुन्या कॅसेटवरची नाट्यगीतं तीन महिने बसून त्यांत उतरवली होती. ते बोलले काहीच नाहीत. फक्त चार दिवस स्वतःचा चहा स्वतः करून घेतला आणि पाचव्या दिवशी झुंबर ओटीवरून काढून न्हाणीघरात नेऊन टांगलं. अजून तिथेच आहे. सकाळी साडेआठला खिडकीतून ऊन आलं की बालदीत इंद्रधनुष्य पडतं.